नवा फ्लॅट आणि ‘फुकट’ ब्रोकर: त्याचे पैसे नेमके देतं कोण?

परवा माझ्या मामेबहिणीचा फोन आला, एकदम खुशीत होती. पुण्याच्या बाजूला पुनावळ्यात एका प्रोजेक्टला नवऱ्याला घेऊन जाऊन आलेली, टू बीएचके, सँपल फ्लॅट बघून हरखलेली, आणि सगळ्यात जास्त कौतुक ब्रोकरचं. "अगं इतका चांगला माणूस, कॅब त्यानेच पाठवली, दिवसभर सोबत फिरला, पोरांना आईस्क्रीम दिलं आणि आपल्याकडून एक रुपया घेणार नाही म्हणाला." मी विचारलं, मग त्याचं घर कशावर चालतं? तर म्हणे, बिल्डर देतो त्याला, आपल्याला काय करायचंय.

आपल्याला काय करायचंय हे वाक्य मी पण म्हटलं होतं, आमचा फ्लॅट घेताना. नंतर कळलं की करायचंय बरंच काही. आता दसरा-दिवाळीच्या तोंडावर हायवेच्या दोन्ही बाजूंना होर्डिंग लागतात, "नो ब्रोकरेज", "डायरेक्ट फ्रॉम डेव्हलपर", "स्पॉट बुकिंगवर गोल्ड कॉइन", आणि दुसरीकडे रोज चार अनोळखी नंबरवरून फोन येतात की मॅडम प्रॉपर्टी बघताय का. हे सगळे लोक कोण, कुणाचे, आणि नवीन बिल्डिंगमध्ये घर घेताना ब्रोकर असावा की नसावा, एवढंच आज सोपं करून सांगते. ब्रोकर वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, आधीच सांगून ठेवते.

आधी तीन-चार शब्द

रिसेलचा फ्लॅट असतो तेव्हा ब्रोकर दोन माणसांच्या मध्ये उभा असतो, विकणारा आणि घेणारा, आणि पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा दोघांकडूनही टक्का-दोन टक्के घेतो. नवीन प्रोजेक्टमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे त्याला ब्रोकर म्हणत नाहीत, चॅनल पार्टनर म्हणतात, बोलताना नुसतं सीपी. तो गिऱ्हाईक आणतो आणि कमिशन फक्त बिल्डर देतो. साइटच्या ऑफिसात जो टाय लावलेला मुलगा आपल्याला थ्रीडी मॉडेल दाखवतो तो सीपी नाही, तो बिल्डरचा पगारी माणूस, सेल्स टीमचा. सीपींना धरून ठेवायचं काम करणारा सोर्सिंग मॅनेजर वेगळा आणि टेबलावर बसवून डील फायनल करणारा क्लोजिंग मॅनेजर वेगळा. म्हणजे त्या गारेगार एसी ऑफिसात तुम्ही दोघं नवरा-बायको सोडलं तर बाकी प्रत्येकाचा पगार किंवा कमिशन एकाच ठिकाणाहून येतं.

कायद्याला मात्र या नावांशी घेणं-देणं नाही. २०१६ चा रेरा, म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा कायदा म्हणतो की पैसे घेऊन गिऱ्हाईक आणि विकणारा यांची गाठ घालून देणारा, मग तो स्वतःला काहीही म्हणवून घेवो, एजंटच, आणि त्याला रजिस्ट्रेशन पाहिजे. आपल्याकडे ते महारेराकडे, म्हणजे या कायद्यासाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे होतं.

पैसे कुणाच्या खिशातून जातात

समजा फ्लॅट ८० लाखांचा. सीपीचं कमिशन साधारण २ ते ४ टक्के असतं, आपण ३ धरू, म्हणजे २ लाख ४० हजार. ब्रोकर जीएसटीत रजिस्टर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३ हजार २००. झाले २ लाख ८३ हजार. आणि आपण अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटवर जो ५ टक्के जीएसटी भरतो ना, त्या स्कीममध्ये बिल्डरला इनपुट क्रेडिट, म्हणजे त्याने स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, त्यामुळे हा पूर्ण आकडा त्याचा खर्चच.

आता बिल्डर हा खर्च काय स्वतःच्या शेतातून आणतो? सिमेंट, लोखंड, होर्डिंग, वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात आणि सीपीचं कमिशन, सगळं मिळून रेट ठरतो. तुम्ही चेक बिल्डरला देता, बिल्डर त्यातलं ब्रोकरला देतो, एवढाच फरक.

मार्केट यार्डातली अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, आठवा. वर्षानुवर्षं ती शेतकऱ्याच्या मालाच्या बिलातून कापली जायची, २०१६ मध्ये सरकारने ठरवलं की फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची, केवढा गोंधळ झाला होता तेव्हा, बाजार बंद वगैरे. कागदावर नाव बदललं, पण घेणारा व्यापारी भाव लावतानाच अडतीचा हिशोब मनात धरून लावू शकतो हे यार्डात कुणालाही विचारा. फ्लॅटचं पण तसंच. "फुकट" म्हणजे फक्त पावती तुमच्या नावाने फाटत नाही.

मग तो कुणाचा माणूस?

इथे लोक सरळ म्हणतात, बिल्डर पैसे देतो म्हणजे ब्रोकर बिल्डरचा, तुमचा भाव वाढवायलाच बसलेला. मला हे अर्धवट वाटतं. हिशोब करून बघा. तुम्ही घासाघीस करून २ लाख कमी करून घेतले तर ३ टक्क्यांनी ब्रोकरचं नुकसान किती? ६ हजार. आणि डील फिसकटली तर नुकसान २ लाख ४० हजार. तो ६ हजारांसाठी कशाला भांडेल? उलट तोच क्लोजिंग मॅनेजरला बाजूला घेऊन सांगतो की सर थोडं खाली या, पार्टी तयार आहे. म्हणजे भाव कमी करण्यात तो तुमच्या बाजूने खरंच उपयोगी पडू शकतो, मी पाहिलंय.

तो तुमचा माणूस नाही ते दुसऱ्याच ठिकाणी. "हा फ्लॅट घेऊ नका" हे वाक्य तो कधीच म्हणणार नाही. मागच्या बाजूला नाला आहे, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या २२ मजली टॉवर येणार, टँकरशिवाय पाणी नाही, हे त्याला माहीत असतं बरं का, तो त्या भागात रोज फिरतो, पण विचारल्याशिवाय सांगणार नाही आणि विचारलं तरी गोड करून सांगेल.

आणि दुसरं, तो तुम्हाला काय दाखवतो. महाबळेश्वरला टॅक्सीवाला ज्या चपलेच्या दुकानापुढे गाडी थांबवतो ते गावातलं सगळ्यात चांगलं दुकान असतंच असं नाही, तिथे त्याचं काहीतरी ठरलेलं असतं. इथे ते ठरलेलं बरंच मोठं असतं. बिल्डर लोक लॅडर ठेवतात, म्हणजे महिन्यात दोन फ्लॅट विकले तर ३ टक्के, पाच विकले तर सगळ्यांवर ४ टक्के, असं काहीतरी. वर किकर, म्हणजे अमुक तारखेच्या आत बुकिंग झालं तर एक्स्ट्रा, कधी गाडी, कधी बँकॉकची ट्रिप. आता ज्या ब्रोकरचे चार झालेत आणि पाचवा हवाय, तो शनिवारी तुम्हाला कुठे घेऊन जाईल? तुमचं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला खराडीला असलं तरी पुनावळ्यालाच नेईल, आणि रिंग रोड होणारच आहे मॅडम असं सांगेल.

लग्न जुळवणारा मध्यस्थ असतो ना, ज्याला मुलाकडच्यांनीच पाकीट द्यायचं कबूल केलेलं असतं, तसं समजा. तो खोटं बोलेल असं नाही, स्थळ चांगलंही असू शकतं, पण मुलाची चौकशी मुलीकडच्यांनी स्वतःच करायची असते.

टॅगिंग नावाची भानगड

ही गोष्ट ९० टक्के लोकांना माहीत नसते (आकडा माझा, अंदाजपंचे), आणि सगळा खेळ इथेच आहे. तुम्ही साइटवर पहिल्यांदा जाता तेव्हा रिसेप्शनला एक फॉर्म किंवा टॅब देतात, नाव, मोबाईल, बजेट, आणि "आमच्याबद्दल कसं कळलं". तो शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नसतो. तिथे जे लिहाल त्यावरून तुमची लीड, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून तुमची नोंद, कुणाच्या नावावर लागणार ते ठरतं, याला टॅगिंग म्हणतात. एकदा टॅग झालात की महिना, दोन महिने, कुठे त्याहून जास्त दिवस तुम्ही त्या सीपीचे गिऱ्हाईक. नंतर तुम्ही एकटे गेलात, मेलवरून बोललात, काहीही केलंत तरी बुकिंग झालं की कमिशन त्याचं. आणि उलटं पण खरं, तुम्ही आधी कुठल्या प्रॉपर्टी पोर्टलवर नंबर टाकलात किंवा बिल्डरच्या जाहिरातीवर क्लिक करून "इंटरेस्टेड" दाबलंत, की तुम्ही डायरेक्ट म्हणून सिस्टीममध्ये पडता आणि मग ओळखीचा चांगला ब्रोकर सोबत नेलात तरी त्याला सांगतात, सॉरी, ही लीड आमचीच आहे.

आमच्या बाबतीत काय झालं सांगते. एका मुलीचा फोन आला, मॅडम फक्त व्हिजिट करा, घ्यायचं काही कंपल्शन नाही, कॅब पाठवते. रविवार होता, पाऊस होता, म्हटलं चला फिरणं होईल. गेलो, बघितलं, आवडलं नाही असं सांगून आलो. तीन आठवड्यांनी माझ्या नवऱ्याच्या मित्राने, जो वाकडमध्येच हे काम करतो आणि ज्याला त्या पट्ट्यातली प्रत्येक बिल्डिंग पाठ आहे, त्याने त्याच प्रोजेक्टमध्ये चांगली व्हेंटिलेशनवाली साइड शोधून काढली, कागद बघितले, दोन वेळा आमच्यासोबत आला, एकदा रात्री आठला नेलं की ट्रॅफिक बघा म्हणून. बुकिंगच्या दिवशी कळलं की आम्ही त्या फोनवालीच्या नावावर टॅग आहोत. तिचा चेहरा पण आम्ही पाहिला नव्हता. एका कॅबच्या भाड्यावर कमिशन तिच्या कंपनीला, आणि ज्याने खरं काम केलं त्याला आम्ही हॉटेलात जेवायला घालून आलो. अजून लाज वाटते.

म्हणून ब्रोकर हवा की नको, आणि हवा तर कोण, हे पहिल्या व्हिजिटच्या आधी ठरवायचं, साइटच्या गेटवर नाही. फक्त फिरायला म्हणून कुणाच्या कॅबमध्ये बसू नका. आणि मोबाईल नंबर नवरा-बायकोने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे देत बसू नका, पुढे टॅगिंगवरून भांडण लागलं की डील आठवडाभर लटकते.

अमेरिकेतही हे असंच आहे हे ऐकून मला बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं. माझी नणंद टेक्सासला असते. तिकडे बिल्डरचं मॉडेल होम बघायला पहिल्यांदा जाताना तुमचा एजंट सोबत नसेल, किंवा त्याचं नाव नोंदवलं नसेल, तर बरेच बिल्डर नंतर त्याला कमिशन देत नाहीत, आणि मॉडेल होममध्ये हसून स्वागत करणारी बाई बिल्डरचीच. फरक एवढाच की तिकडे घेणाऱ्याचा स्वतःचा एजंट ही रीतच आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या एजंटांच्या मोठ्या संघटनेच्या नियमाने घर दाखवायच्या आधीच त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, त्याला किती मिळणार ते त्यात लिहून. आपल्याकडे घेणाऱ्याच्या बाजूने बसणारा माणूस ही कल्पनाच बाजारात फारशी नाही.

"मग डायरेक्टच जाते की, तेवढे पावणेतीन लाख वाचतील"

हे सगळ्यांना सुचतं. मलाही सुचलं होतं. बिल्डरचे पावणेतीन लाख वाचले तर तो मला का नाही देणार?

कारण त्याला सीपींची भीती असते. डायरेक्ट आलेल्याला स्वस्त दिलं ही बातमी बाहेर गेली तर ज्याने चार दिवस गिऱ्हाईक फिरवलं तो ब्रोकर उद्यापासून दुसऱ्याच्या साइटवर गाडी वळवेल. म्हणून मोठे बिल्डर रेट दोन्हीकडे सारखाच ठेवतात, आणि डायरेक्टवाल्याचे वाचलेले पैसे स्वतःच्या जाहिरातीच्या खात्यात घालतात. त्यांचं म्हणणं असतं की तुम्ही पण फुकट नाही आलात, होर्डिंग बघूनच आलात ना. यात थोडं तथ्य आहे.

तरी मागायचं. रेट कमी करा म्हटलं की क्लोजिंग मॅनेजर कॅल्क्युलेटर घेऊन नाटक करतो, आत जाऊन "सरांशी" बोलून येतो (आत सर असतातच असं नाही). त्यापेक्षा आजूबाजूच्या गोष्टी मागा, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा रेट) माफ करा, दोन वर्षांचं मेंटेनन्स, क्लब हाउसचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी तुम्ही भरा. पुण्यात महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आहे, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी, ८० लाखांवर तो १ टक्का म्हणजे ८० हजार झाले, हे तर बिल्डरकडे मागायची पण गरज नाही. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण कमाल ३० हजार. या गोष्टी कॉस्ट शीटवर वेगवेगळ्या लिहून मागा, "ऑल इन्क्लुझिव्ह" हा शब्द ऐकला की कागद पेन काढा.

वेळ पण बघा. महिनाअखेर, क्वार्टर संपताना, आणि पितृपक्षात. पितृपक्षात आपली माणसं बुकिंग करत नाहीत, साइट ऑफिसात माश्या मारत बसलेले असतात, तुमचा विश्वास नसेल या गोष्टींवर तर त्या पंधरा दिवसांत बोलणी करून ठेवा आणि चेक घटस्थापनेला द्या. आमच्या सासूबाई पण त्यामुळे खूश.

"पण त्याच्याकडे रेरा नंबर आहे"

चांगलंच आहे, नसेल तर दारात पण उभं करू नका. पण रेरा नंबर म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, गाडी नीट चालवतोच याची गॅरंटी नाही. प्रोजेक्टचा नंबर पी अक्षराने सुरू होतो, एजंटचा ए ने, आणि दोन्ही महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघता येतात. ब्रोकर बऱ्याचदा प्रोजेक्टचाच नंबर दाखवून "रेरा आहे ना" म्हणतो, तो त्याचा नसतो, हे लक्षात ठेवा. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये ते सर्टिफिकेट नसलेल्या जवळपास २० हजार एजंटांची नोंदणी थांबवली, म्हणजे जुना नंबर व्हिजिटिंग कार्डावर छापलेला असला तरी आज चालू आहे का ते तपासायला लागतं. दोन मिनिटांचं काम आहे.

कायद्याने एजंटवर टाकलेली कामं फार कमी लोक त्याच्याकडून करून घेतात. रजिस्टर नसलेला प्रोजेक्ट त्याने विकायचाच नाही. ज्या सुविधा बिल्डर देणारच नाहीये त्या छापून सांगायच्या नाहीत. बुकिंगच्या वेळी तुमचा हक्क असलेली सगळी माहिती आणि कागद मिळवून द्यायला मदत करायची. व्यवहारात त्याचा नंबर नमूद करायचा. म्हणजे "मी फक्त दाखवायला आलोय, बाकी बिल्डरला विचारा" हे त्याला म्हणता येत नाही. त्याने नियम मोडले तर महारेराकडे तक्रार बिल्डरविरुद्ध जशी करता येते तशीच एजंटविरुद्ध पण करता येते, फी ५ हजार.

सगळ्यात जास्त फसवणूक प्री-लॉन्चमध्ये होते. रेरा नंबर अजून यायचाय, पण इओआयचा चेक द्या, म्हणजे इच्छा दाखवणारं टोकन, लॉन्चला रेट वाढणार. नंबर येण्याआधी जाहिरात करणं, बुकिंग घेणं, दोन्ही बेकायदा. घाई करणारा ब्रोकर इथेच ओळखू येतो.

"बँक कागद बघतेच की, वकील कशाला?"

बँक बघते ते बँकेसाठी. जमीन स्वच्छ आहे का, उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून पैसे निघतील का. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये कॅन्सल केल्यावर किती कापणार लिहिलंय, पार्किंग नेमकं कुठलं दिलंय, पझेशनची तारीख काय, याची बँकेला झोप उडत नाही. आणि ब्रोकरला तर अजिबात नाही, कारण अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होऊन थोडं पेमेंट बिल्डरकडे गेलं की मगच त्याचं बिल निघतं, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंट लवकर होणं यातच त्याचं हित. तो मसुदा वाचायला वेळ मागितला की म्हणतो, मॅडम स्टँडर्ड आहे, सगळे हाच करतात.

दोन ठिकाणी थांबून बघाच. एक, तारीख. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "टार्गेट पझेशन" असतं आणि खाली बारीक अक्षरात "रेरा पझेशन", दोघांत वर्ष-दीड वर्षाचा फरक सहज असतो. ब्रोकर पहिली सांगतो. उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क मिळतो तो अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेल्या तारखेपासून, आणि महाराष्ट्रात ते व्याज स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा किमान व्याजदर) आणखी २ टक्के, म्हणजे बऱ्यापैकी रक्कम असते. भाड्याच्या घराचा हिशोब तुम्ही टार्गेटवर लावलात तर वर्षभराचं भाडं तुमच्याच अंगावर.

दुसरं, एरिया. रेरा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, त्यात बाल्कनी धरत नाहीत. सेल्सवाले "टोटल युजेबल" सांगतात, त्यात बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं घालून. ७६० चौरस फूट ऐकून घरी येता आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये रेरा कार्पेट ६८० निघतं. चोरी नाही ही, पण दोन प्रोजेक्टची तुलना करताना एकाचा युजेबल आणि दुसऱ्याचा कार्पेट धरला तर सगळं गणित चुकतं.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही, हे कायद्यात आहे, त्यामुळे "आधी २० टक्के भरा मग अ‍ॅग्रीमेंट करू" ला सरळ नाही म्हणायचं. आणि बाहेरचा वकील, जो ब्रोकरने सुचवलेला नाही आणि बिल्डरच्या ऑफिसात रोज चहा पीत नाही, त्याच्याकडून मसुदा वाचून घ्या. आम्हाला पंधरा हजार लागले. त्या दिवसात आमच्या बाजूने बसलेला एकुलता एक माणूस तो, कारण त्याला पैसे आम्ही दिले होते आणि आम्ही फ्लॅट घेतला काय नाही घेतला काय, त्याची फी तीच होती. त्याने पार्किंगचा एक क्लॉज बदलून घेतला आणि ओपन पार्किंगचे लावलेले दीड लाख काढायला लावले, ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही, ती सगळ्यांची जागा असते. ब्रोकरने त्यावर "अरे हो की" एवढंच म्हटलं.

ब्रोकर कशासाठी वापरायचा मग

एवढं सगळं लिहून मी परत म्हणेन, चांगला सीपी मिळाला तर घ्या. कमिशन रेटमध्ये धरलेलंच आहे, तुम्ही एकटे गेलात म्हणून ते परत मिळत नाही, तर मग त्या पैशात काम तरी करून घ्या. त्याच भागात पाच-सात वर्षं काम करणारा असेल तर त्याला माहीत असतं की कुठल्या बिल्डरने मागच्या प्रोजेक्टला किती उशीर केला, कुठल्या सोसायटीत टँकरचं बिल किती येतं, कुठला बिल्डर पझेशननंतर फोन उचलत नाही. शेजारच्या प्रोजेक्टमध्ये गेल्या महिन्यात खरा रेट किती बसला हे तर फक्त त्यालाच माहीत असतं. हे प्रश्न त्याला साइटवर विचारू नका, तिथे सेल्सवाल्यासमोर तो बोलणार नाही. गाडीत विचारा.

आणि एक प्रश्न मी हमखास विचारते: या दोन किलोमीटरमध्ये तू कुठला प्रोजेक्ट दाखवत नाहीस आणि का? उत्तरात बऱ्याच गोष्टी कळतात. कधी कळतं की तिथला बिल्डर कमिशन वेळेवर देत नाही, म्हणजे बिल्डिंगमध्ये काही खोट नाही, उलट तुम्ही एकदा बघून यायला हवं.

ओसी, म्हणजे राहायला जायचं सरकारी भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या रेडी फ्लॅटसाठी ब्रोकरची गरज अजून कमी. जे आहे ते डोळ्यांसमोर असतं, जीएसटी लागत नाही, वरच्या मजल्यावरून नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघता येतं, खाली राहणाऱ्याला विचारता येतं.

"तो म्हणाला त्याच्या कमिशनमधून अर्धा टक्का मला देतो"

याला धंद्यात पासबॅक म्हणतात आणि चालतं हे, सर्रास. ८० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ४० हजार, कुणाला नको असतात. पण जो आपल्या कमिशनमधला एवढा वाटा द्यायला तयार आहे तो तुमच्यासाठी रात्री आठचं ट्रॅफिक दाखवायला येणार नाही, तो दिवसाला चार पार्ट्या फिरवणार, एवढं धरून चाला. शिवाय बिल्डरकडून त्याचं बिल निघायला दोन-तीन महिने लागतात, तोपर्यंत तुम्ही त्याच्या मागे. लेखी नसेल तर ते ४० हजार नाहीतच असं समजून निर्णय घ्या. मला विचाराल तर पासबॅकपेक्षा तेवढीच रक्कम बिल्डरकडून अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीत कमी करून घ्यायला त्याला कामाला लावा, स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी पण त्या प्रमाणात खाली येतात.

"आमचा तर भाचाच ब्रोकर आहे"

हा खरा अवघड प्रश्न. घराघरात एक असतोच. त्याच्याकडून नाही घेतलं तर ताई रुसते, घेतलं आणि पझेशन लांबलं तर आयुष्यभर दिवाळीला टोमणे. मामेबहिणीला पण हाच प्रश्न होता, तिचा पुतण्या हे काम करतो म्हणून तर ती अनोळखी माणसाबरोबर गेली होती, घरातलं नको म्हणून.

मी तिला म्हटलं, पुतण्याला सरळ विचार, अरे तुला यात किती सुटतात? सांगितलं त्याने तर अर्धं काम झालं. मग म्हण की बाबा ते तुझे हक्काचे, आनंदाने घे, पण तीन प्रोजेक्ट दाखव ज्यातला एक तरी तुझ्या कमिशनचा नसेल, आणि वकील माझा असेल, त्यात तू राग मानायचा नाही. तिने फोन केला त्याला. तो म्हणाला, काकू, पुनावळ्याला तुम्ही आधीच जाऊन आलात ना, तिथे आता माझं टॅगिंग होणार नाही, पण रावेतला चला रविवारी, आणि येताना आधीच्या त्या साइटचा फॉर्म भरला त्याचा फोटो आहे का बघा, किती दिवसांचं टॅग आहे ते त्यावर लिहिलेलं असतं.

फोटो होता. ६० दिवस. ती आता दिवस मोजतेय.